सरकारी जमिनीचा ताबा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने सरकारकडून जागा घेतली आहे, तो अनुभवी गृहस्थ या म्हणीला आणखी एक शेपूट जोडील: आणि जागा पाहावी ताब्यात घेऊन. कारण जागा मिळणे ही एक गोष्ट, आणि जागेवर पाऊल ठेवून ‘ही माझी’ असे म्हणता येणे ही दुसरी गोष्ट. या दोन गोष्टींच्या मध्ये कधी एक महिना जातो, कधी तीन महिने, आणि कधी एका पिढीचे तारुण्यही जाते.

दिल्लीच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर गुरुग्राम आहे. द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणा म्हणून मिळालेले गाव, अशी त्याची आख्यायिका. त्याचे जुने नाव गुडगाव. ते २०१६ मध्ये बदलून गुरुग्राम असे करण्यात आले. १९६६ च्या नोव्हेंबरात हरियाणा राज्य निर्माण झाले, त्या वेळी हे गहू, बाजरी आणि मोहरी पिकविणाऱ्या खेड्यांच्या मधले एक साधे जिल्ह्याचे ठिकाण होते. १९८३ च्या डिसेंबरात येथील कारखान्यातून मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली, आणि पुढील दोन दशकांत तर शेतांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. नोकरीनिमित्त दिल्लीकडे गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांनीही येथेच बिऱ्हाड थाटले. अशा ठिकाणी जमिनीला सोन्याचे मोल यावे, यात नवल नाही. आणि जेथे जमिनीला सोन्याचे मोल येते, तेथे ताब्याच्या तारखेलाही मोल येते.

येथे दोन प्रकारच्या वसाहती आहेत. एक, खाजगी विकासकांनी १९७५ च्या कायद्याखाली परवाना घेऊन वसविलेल्या. दुसऱ्या, सरकारच्या प्राधिकरणाने स्वतः जमीन संपादन करून, आखणी करून, ‘सेक्टर’ या नावाने वसविलेल्या. या दुसऱ्या कामासाठी हरियाणा विधानमंडळाने १९७७ साली कायदा करून एक प्राधिकरण स्थापन केले. लोक त्याला ‘हुडा’ म्हणत. २०१७ पासून त्याचे नाव हरियाणा शहरी विकास प्राधिकरण असे आहे. सरकारी जमीन विकत वा पट्ट्याने घेणाऱ्याला ताबा केव्हा मिळतो, हा प्रश्न या प्राधिकरणाच्या भूखंडांच्या बाबतीत जितका स्पष्टपणे पुढे आला, तितका क्वचितच अन्यत्र आला असेल.

प्रश्नाचे मूळ मात्र गुरुग्रामपेक्षा पुष्कळ जुने आहे. मुंबई इलाख्याचा १८७९ सालचा जमीन महसूल कायदा पाहावा. त्याच्या साठाव्या कलमात असे सांगितले होते की, ज्याला पडीक सरकारी जमीन लागवडीस घ्यावयाची असेल, त्याने जमिनीत पाऊल टाकण्यापूर्वी मामलेदाराची किंवा महालकऱ्याची लेखी परवानगी मिळविली पाहिजे. परवानगी आधी, प्रवेश मागाहून. हा क्रम तेथे पक्का होता. महाराष्ट्राचा १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आला, तेव्हा या नियमाला दुसरी बाजूही जोडली गेली. सरकारी जमीन एखाद्याला देण्यात आली, की विनाविलंब त्याला बोलावून, देण्याच्या शर्तींनुसार जमिनीचा भोगवटा घेण्यास सांगणे हे तहसिलदाराचे कर्तव्य ठरविण्यात आले. म्हणजे घेणाऱ्याने घाई करू नये, आणि देणाऱ्याने दिरंगाई करू नये. ताब्याच्या कायद्याचे सारे सार या दोन वाक्यांत आहे.

क्रम असा का ठेवला, हे समजून घेण्यासारखे आहे. सरकारी जमीन देताना सरकार केवळ किंमत घेत नाही, शर्तीही घालते. जमीन कोणत्या कामासाठी वापरावयाची, किती मुदतीत बांधावयाचे किंवा लागवडीस आणावयाचे, विकता येईल की नाही, झाडे कोणाची, वाट कोणाची, या सर्व गोष्टी आधी ठरावयाच्या असतात. मोजणी होऊन हद्दी कायम व्हावयाच्या असतात. या गोष्टी होण्यापूर्वीच माणूस आत शिरला, तर पुढे शर्त लावावयाची कोणाला आणि हद्द दाखवावयाची कोठे? शेजाऱ्याच्या जमिनीत दहा हात आत भिंत गेली, तर ती पाडावयाची कोणी? म्हणूनच वाटपाचा हुकूम हाती असला, पैसे भरल्याची पावती खिशात असली, तरी ताबा मिळण्यापूर्वी जागेवर कुंपण घालणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने अडचणीत येतो. अतिक्रमण दूर करण्याचे अधिकार महसूल अधिकाऱ्यांना महाराष्ट्रात आहेत, तसे हरियाणातही सार्वजनिक जागा खाली करून घेण्याचा १९७२ चा कायदा आहे. आपलीच होणारी जागा उतावीळपणाने परक्याची करून घेणे, हे शहाणपणाचे नव्हे.

आता गुरुग्रामच्या नियमाकडे वळू. प्राधिकरणाने जमिनी आणि इमारती यांच्या विल्हेवाटीसंबंधी १९७८ साली विनियम केले. त्यांतील तेरावा विनियम ताब्याविषयी आहे, आणि तो अगदी थोडक्यात आहे. ज्या भागात जमीन आहे त्या भागातील विकासकामे पूर्ण होताच खरेदीदाराला किंवा पट्टेदाराला ताबा द्यावा, हा सामान्य नियम. आणि जमीन अविकसित स्थितीतच विकली किंवा पट्ट्याने दिली असेल, तर वाटपाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत ताबा द्यावा, हा अपवाद.

वाचताना नियम साधा वाटतो. पण दोन वाक्यांत दोन निरनिराळी घड्याळे लावलेली आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. अविकसित जमिनीचे घड्याळ दिवस मोजते. ९० व्या दिवशी ते वाजलेच पाहिजे. विकसित भूखंडाचे घड्याळ मात्र दिवस मोजत नाही, काम मोजते. रस्ता झाला काय, पाण्याची नळवाहिनी आली काय, सांडपाण्याची गटारे जोडली गेली काय, पावसाचे पाणी वाहून जाण्याची सोय झाली काय, रस्त्यावरचे दिवे लागले काय, असे विचारीत ते पुढे सरकते. आणि काम रेंगाळले, की घड्याळही रेंगाळते. ‘काम पूर्ण होताच’ या शब्दांत तत्परता आहे, पण तारीख नाही. भूखंडधारकाच्या बहुतेक दुःखांचा उगम या तारखेच्या अभावात आहे.

कारण घर बांधू इच्छिणाऱ्या माणसाच्या आयुष्याला तारखा असतात. समजा, एखादा मध्यमवर्गीय कर्मचारी आहे. अर्जासोबत त्याने किमतीच्या दहा टक्के रक्कम भरली. सोडतीत नाव निघाले, वाटपपत्र हाती आले. पत्र मिळताच ३० दिवसांत आणखी पंधरा टक्के भरून त्याने एक चतुर्थांश किंमत पुरी केली. उरलेली पाऊणपट किंमत ६० दिवसांत एकरकमी भरली तर व्याज नाही, एरवी वार्षिक हप्ते. अशी या वाटपपत्रांची प्रचलित रीत होती. त्याने भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली, पत्नीचे दागिने गहाण ठेवले, गावाकडची विहिरीजवळची जमीन विकली. एकीकडे हप्ता, दुसरीकडे भाड्याच्या घराचे भाडे. मुलगी शाळेत होती तेव्हा तो अर्ज भरीत होता. ती महाविद्यालयात गेली तरी सेक्टरमध्ये रस्ता नाही. सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे भाव मात्र थांबून राहिलेले नाहीत. ज्या पैशात पहिल्या वर्षी दुमजली घर झाले असते, त्यात सातव्या वर्षी तळमजलाही होत नाही. बाजारात तुरी, अशातली ही गत. फरक इतकाच की तुरीचे पैसे आगाऊ चुकते झालेले आहेत.

अशा भूखंडांच्या वाटपपत्रांत एक न्याय्य कलम असे. हप्त्यांवरील व्याज ताबा देऊ केल्याच्या तारखेपासून धरावे, असे त्यात म्हटलेले असे. जागा दिलीच नाही तर उरलेल्या किमतीवर व्याज कसले, हा त्यामागचा सरळ विचार. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानेही ताबा देऊ करण्यापूर्वीच्या काळाचे असे व्याज आकारणे अमान्य केले. त्यामुळे ‘ताबा देऊ केल्याचा दिवस’ हा भूखंडधारकाच्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा दिवस ठरला. त्या दिवसापासून व्याज सुरू होते, त्याच दिवसापासून बांधकामाची मुदत मोजली जाते, आणि ती मुदत ओलांडली की मुदतवाढीचे शुल्कही पडू लागते.

पण व्याज न आकारणे म्हणजे नुकसान भरून देणे नव्हे. भरलेले पैसे वर्षानुवर्षे अडकून पडले, त्याचे काय? सरकारी प्राधिकरणाला हा प्रश्न विचारता येतो काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर १९९३ रोजी लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात दिले. लोकांसाठी घरे बांधणे किंवा भूखंड विकसित करून देणे ही एक सेवा आहे. ती देणारी संस्था कायद्याने स्थापन झालेली असली, म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर राहत नाही, असे न्यायालयाने ठरविले. इतकेच नव्हे, तर लोकांच्या छळाबद्दल द्यावी लागणारी भरपाई शेवटी लोकांच्याच करातून का जावी, असा विचार मांडून, दोषी अधिकाऱ्यांकडून ती वसूल करण्याची वाट न्यायालयाने दाखविली. सरकारी खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाने तो निर्णय एकदा तरी वाचावा अशा योग्यतेचा आहे.

त्यानंतर तक्रारींचा ओघ सुरू झाला, आणि राष्ट्रीय आयोग अशा प्रकरणांत सरसकट अठरा टक्के व्याज देऊ लागला. गाझियाबाद आणि हरियाणा येथील प्राधिकरणांची अपिले मोठ्या संख्येने सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च २००४ मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरण विरुद्ध बलबीर सिंग या प्रकरणात न्यायालयाने मधला, पण विचारपूर्वक मार्ग स्वीकारला. भरपाई मिळालीच पाहिजे. पण ती सर्वांना एकाच मापाने नव्हे. ज्याला उशिरा का होईना ताबा मिळाला, त्याच्या हाती वाढलेल्या किमतीची जमीन आलेली असते. त्याची भरपाई त्या मानाने कमी. ज्याला नुसते पैसे परत करण्यात आले, त्याची जमीनही गेली आणि भाववाढीचा लाभही गेला. त्याची भरपाई जास्त. प्रत्येकाचे नुकसान काय, हे पाहून आकडा ठरवावा. न्याय म्हणजे सर्वांना सारखे माप नव्हे, ज्याचे त्याला योग्य माप, हे तत्त्व येथे व्यवहारात उतरलेले दिसते.

येथवर ऐकून कोणाची अशी समजूत व्हावयाची की, सरकारकडून जागा घेणारा सदैव वरच्या बाजूस आहे. तसे नाही. वाटपाने भूखंड घेणारा आणि लिलावात बोली लावून घेणारा, यांच्यात न्यायालयांनी भेद केला आहे. चंडीगढच्या जागांसंबंधी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सर्व सुखसोयी पुऱ्या होणे ही हप्ते भरण्याची पूर्वअट नाही; सोयी अपुऱ्या आहेत म्हणून हप्ते आणि भाडे रोखून धरता येत नाही. २००९ साली तर न्यायालयाने आणखी स्पष्टपणे सांगितले की, तयार जागा जशी आहे तशी, प्रत्यक्ष पाहून, लिलावात बोली लावून घेणारा मनुष्य मागाहून सोयींच्या नावाने तक्रार करू शकत नाही. किती किंमत द्यावी हे त्याने स्वतः ठरविलेले असते. रस्ता कच्चा होता तर बोली कमी लावावयास कोणी मनाई केली होती?

हा भेद वरवर कठोर वाटला तरी त्यात तर्क आहे. सोडतीतील वाटपधारकाला भूखंड निवडता येत नाही, किंमत ठरविता येत नाही. प्राधिकरण जे वचन देते त्यावर विसंबून तो पैसे भरतो. वचन देणाऱ्यावर तेथे भार अधिक. लिलावातला खरेदीदार स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि स्वतःच्या तोंडाने किंमत सांगतो. तेथे पाहणाऱ्यावर भार अधिक. अलीकडच्या काळात संगणकावरून होणाऱ्या लिलावांचा प्रघात पडला आहे. घरबसल्या बोली लावता येते. पण घरबसल्या जागा दिसत नाही. बोलीपूर्वी सेक्टरमध्ये एक फेरफटका मारण्याला अजून पर्याय निघालेला नाही.

तिसरा एक मनुष्य असतो. तो मूळ वाटपधारकाकडून भूखंड मागाहून विकत घेतो. ताब्याला आधीच उशीर झाला आहे, हे ठाऊक असूनही ज्याने भूखंड घेतला, त्याला मागच्या उशिराबद्दल व्याज मागता येणार नाही, असे हरियाणाच्याच एका प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. २०२१ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही ताठरता कमी केली. नंतर घेणाऱ्यालाही हक्क आहे, पण तो कोणत्या तारखेपासून हे परिस्थितीवरून ठरेल, असा त्या निर्णयाचा रोख आहे.

एवढा विलंब होतो तरी का? दर वेळी आळसच कारणीभूत असतो असे मानणे अन्यायाचे होईल. प्राधिकरण ज्या जमिनीचा ताबा द्यावयाचा, ती जमीन आकाशातून पडलेली नसते. ती कोणा शेतकऱ्याची असते. म्हणजे ताब्याची ही एक साखळी आहे: शेतकऱ्याकडून सरकारकडे, सरकारकडून प्राधिकरणाकडे, प्राधिकरणाकडून भूखंडधारकाकडे. पहिली कडी नीट जुळली नसेल, तर तिसरी कडी कितीही ओढली तरी जुळत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार निवाडा झाल्यावर जिल्हाधिकाऱ्याने ताबा घेतला, की जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन सरकारजमा होई; आणि निकडीच्या प्रसंगी तर नोटिशीनंतर पंधरा दिवसांनीच, निवाड्याची वाट न पाहता, ताबा घेता येई. कागदावर हे काम एका पंचनाम्याने होत असे. जमिनीवर मात्र गहू तसाच डोलत राही, आणि शेतकरी त्याला पाणी देत राही.

पंचनाम्याने झालेला ताबा खरा की खोटा, हा वाद महाराष्ट्रातूनही सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठासाठी जमिनी संपादन करण्यात आल्या, त्या प्रकरणात १९७५ साली न्यायालयाने सांगितले की, ताबा हा प्रत्यक्षच घेतला पाहिजे, नुसता प्रतीकात्मक चालणार नाही; पण प्रत्यक्ष म्हणजे कसा, हे जमिनीच्या स्वरूपावर अवलंबून राहील. जमीन पडीक असेल, तीत पीक उभे नसेल, तर अधिकाऱ्याने जागेवर जाऊन दवंडी पिटून किंवा अन्य रीतीने जाहीर करणे पुरेसे होते. मालक त्या वेळी हजर असलाच पाहिजे असे नाही. पुढे ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पंचनाम्याने ताबा घेण्याची रीत मान्य केली, आणि त्यानंतर जो कोणी जमिनीवर राहील तो आगंतुक ठरेल, असे सांगितले.

कायदा स्पष्ट झाला. पण ज्याच्या आजोबांनी ती जमीन नांगरली, त्याला ‘आगंतुक’ हा शब्द कसा वाटत असेल, याचाही विचार करावयास हवा. भूखंडधारक म्हणतो, मी पैसे भरले, मला जागा द्या. शेतकरी म्हणतो, माझा मोबदला पुरा झालेला नाही, मी जागा कशी सोडू? दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात, आणि दोघांच्या मध्ये एक सरकारी कार्यालय असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, या बाबतीत क्रम सुधारला. निवाड्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत मोबदला आणि सहा महिन्यांच्या आत पुनर्वसनाच्या रोख रकमा चुकत्या करून मगच ताबा घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. शेतकऱ्याचे देणे आधी चुकविले, तर भूखंडधारकाचे देणेही वेळेवर चुकविता येते. पहिल्या माणसाला घाईने उठविल्यामुळेच पुष्कळदा शेवटच्या माणसाला वर्षानुवर्षे ताटकळावे लागते.

पट्टेदाराची स्थिती खरेदीदाराहून थोडी निराळी असते, आणि तिचा नमुना महाराष्ट्रात चांगला पाहावयास मिळतो. १९६२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ कारखान्यांना ९५ वर्षांच्या पट्ट्याने जमिनी देते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत ६० वर्षांच्या पट्ट्याची पद्धत चालविली. दोहोंकडे प्रथम होतो तो पट्ट्याचा करार. त्या करारान्वये माणसाला जागेवर जाऊन बांधकाम करण्याची परवानगी मिळते. पट्टा मात्र बांधकाम पुरे झाल्यावर लिहून दिला जातो. म्हणजे या मधल्या काळात जागेवर त्याच्या विटा असतात, त्याचे मजूर असतात, तरी तो पट्टेदार नसतो, परवानाधारक असतो. ठरल्या मुदतीत बांधले नाही, तर महामंडळ जागा परत घेऊ शकते. जागेवर उभे राहणे आणि जागेत हक्क असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्वच्छ दिसते. ज्याने हा भेद जाणला नाही, तो करारालाच पट्टा समजून कर्ज काढतो, भागीदार घेतो, आणि पुढे अडचणीत सापडतो.

आता प्रत्यक्ष ताबा घेण्याचा दिवस. तो आनंदाचा असतो, आणि म्हणूनच चुकांचाही असतो. ‘ताबा देण्यात येत आहे’ असे पत्र येते. अभियंता जागेवर येऊन चार कोपरे दाखवितो. ताबापावतीवर सही होते, पेढे वाटले जातात. त्या घाईत चार गोष्टी पाहिल्या जात नाहीत. नकाशातील लांबीरुंदी आणि जमिनीवरची लांबीरुंदी एकच आहे काय? भूखंडावरून विजेची उच्च दाबाची तार गेलेली आहे काय? शेजारच्याची भिंत, झोपडी किंवा गोठा हद्दीच्या आत आहे काय? आणि भूखंडापर्यंत पोहोचणारा रस्ता नकाशात आहे तसा जमिनीवरही आहे काय? यांपैकी काही कमी असेल, तर सही करण्यापूर्वी ते पावतीवरच लिहून घ्यावे. सही झाल्यानंतर ‘मी पाहिले नव्हते’ असे म्हणणाऱ्याचे ऐकणारा न्यायाधीश विरळा.

तसेच, विकासकामे झालेली नसताना केवळ कागदावर ताबा देऊ केला असेल, तर मुकाट्याने बसू नये. नुसते न जाणे हे उत्तर नव्हे. कोणते काम अपुरे आहे ते लेखी कळवावे, पोच घ्यावी, छायाचित्रे ठेवावीत. कारण त्या पत्राच्या तारखेपासून व्याज आणि मुदत मोजली जाणार, आणि ती तारीख खरी नव्हे हे दाखवून देण्याचा भार भूखंडधारकावर येणार. उलट सर्व कामे पुरी असूनही भाव वाढण्याची वाट पाहत जो ताबा घेण्याचे टाळतो, त्यालाही कायदा साहाय्य करीत नाही. सेक्टरमध्ये ओस पडलेल्या भूखंडांवर कचरा साचतो, अतिक्रमण होते, आणि शेजारी घर बांधून राहिलेल्या कुटुंबाला एकाकी रात्री काढाव्या लागतात.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने या सर्व व्यवहाराला आणखी एक आधार दिला. त्यातील ‘प्रवर्तक’ या शब्दाच्या व्याख्येत खाजगी विकासकाबरोबरच विकास प्राधिकरणे आणि सार्वजनिक संस्था यांचाही समावेश आहे. करारात दिलेल्या तारखेस ताबा दिला नाही, तर प्रकल्पात राहू इच्छिणाऱ्या ग्राहकाला विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मिळते. बाहेर पडू इच्छिणाऱ्याला पैसे व्याजासह परत मिळतात. हरियाणात गुरुग्रामसाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरणही आहे. करारात तारीखच नसेल तर? मुंबईच्या एका प्रकरणात मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माणसाला अनंत काळ वाट पाहावयास लावता येणार नाही. तेथे तीन वर्षांची मुदत न्यायालयाने वाजवी मानली. ते प्रकरण खाजगी विकासकाचे होते, तरी १९७८ च्या विनियमात जी तारीख राहून गेली होती, तिची उणीव भरून काढण्याची दिशा त्यातून दिसते.

अखेर एक विचार. सरकार आणि नागरिक यांचे संबंध पुष्कळदा मोठ्या शब्दांत वर्णिले जातात. पण सामान्य माणसाला सरकार भेटते ते असे, एखाद्या पत्राच्या रूपाने, एखाद्या पावतीच्या रूपाने, जमिनीत रोवलेल्या चार दगडांच्या रूपाने. त्याने आयुष्याची पुंजी एका कागदाच्या भरवशावर सरकारच्या हाती दिलेली असते. सावकाराला त्याने तारण मागितले असते; सरकारकडे तारण मागण्याची त्याला गरज वाटली नाही, कारण सरकारचा शब्द हेच त्याला तारण वाटले. तो शब्द राखावयाचा म्हणजे काय करावयाचे, याचे उत्तर अवघड नाही. शेतकऱ्याचे देणे पुरे केल्याखेरीज जमीन घेऊ नये. जमीन हाती आल्याखेरीज तिचे वाटप करू नये. आणि वाटप करताना ताब्याचा दिवस कागदावर लिहून द्यावा.

नागरिकाचे कर्तव्यही तितकेच साधे आहे. बोलावण्यापूर्वी आत जाऊ नये, बोलावल्यावर बाहेर राहू नये, आणि डोळे उघडे ठेवल्याखेरीज सही करू नये. हे दोन्ही बाजूंनी पाळले गेले, तर वाटपपत्र आणि ताबापावती या दोन कागदांतील अंतर कमी होईल, आणि अर्जाच्या वेळी शाळेत जाणारी मुलगी शाळेत असतानाच नव्या घराच्या उंबरठ्यावर रांगोळी काढील.